आरला मेनू बसवताना काय काय ठरवावं लागलं

खान्देशात ॲग्रीचं पीजी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, ट्रायल घेताना जास्त त्रास झाला का ॲनालिसिस करताना, तो ॲनालिसिसच म्हणेल. शेतात उन्हातान्हात उभं राहून केळीच्या घडांची वजनं घेतली, कपाशीची बोंडं मोजली, करप्याची पानं मोजली, ते सगळं जमतं, आणि मग ते आकडे घेऊन कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं, सर तेवढी अनोव्हा (ट्रीटमेंटमधला फरक खरा की योगायोगाचा हे तपासायचा हिशोब) काढून द्या ना. मी जळगाव जिल्ह्यात स्टॅटिस्टिक्स शिकवतो त्यामुळे ते दार बऱ्याचदा माझंच असायचं. आकडे देऊन पोरगं जायचं, नंतर येऊन टेबल घेऊन जायचं, मधे काय झालं ते त्याला काहीच माहीत नाही, आणि व्हायवाला एक्सटर्नलने विचारलं की एरर डीएफ (म्हणजे ट्रीटमेंट-रेप्लिकेशन सोडून उरलेल्या फरकाचे डिग्रीज ऑफ फ्रीडम) चौदा का आलं तर खाली बघायचं. वर्ष-दीड वर्ष ज्याने घाम गाळला त्याला स्वतःचाच निकाल वाचता येत नाही हे मला फार लागतं. म्हणून आर ह्या स्टॅटिस्टिक्सच्या फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर आपल्या पोरांसाठी एक स्क्रीन बनवायला घेतली. ती बनवताना कोडपेक्षा ठरवायलाच जास्त वेळ गेला, काय विचारायचं, काय दाखवायचं, कुठे अडवायचं, ते सगळं इथे लिहितोय.

आधी आरबद्दल थोडं, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन ह्या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही भाषा लिहायला घेतली, १९९५ ला जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना मोकळी केली, आणि १.०.० हे व्हर्जन आलं २९ फेब्रुवारी २००० ला. तिच्या मागे बेल लॅब्समधली एस ही भाषा, जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सोबतच्यांची, १९७६ पासूनची. म्हणजे आर ही मुळात भाषा आहे, तिच्याशी बोलायचं ते लिहून. विंडोजवर ती उघडली की पांढरी खिडकी येते, त्यात लाल रंगात एक बाणाचं टोक आणि पुढे कर्सर लुकलुकत असतो, बस. आमच्या लॅबमधे एका पोराने ते बघून सरळ विचारलं, "भाऊ, हाई काय शे? आते काय करानं?" आणि प्रश्न अगदी बरोबर होता, कारण ती खिडकी तुम्हाला काहीच सांगत नाही की आता काय करायचं.

बऱ्याच लोकांना वाटतं की आरस्टुडिओ टाकलं की झालं. आरस्टुडिओ २०११ ला आलं आणि ते फार चांगलं आहे, मी रोज त्यातच काम करतो, पण तो लिहिणाऱ्याचा एडिटर आहे, त्यात अनोव्हाचा मेनू नाही. मेनूवाल्या गोष्टी वेगळ्या. जामोवी आहे, जास्प आहे, केडीईवाल्यांची आरकेवॉर्ड आहे, आणि ह्या सगळ्यांत मला स्वतःला जिच्यातून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ती आर कमांडर, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे जॉन फॉक्स ह्यांची. फॉक्सनी २००५ च्या पेपरमधे लिहिलंय की हे बेसिक कोर्ससाठी आहे, मेनूतून काहीतरी अडाणी करणं अवघड पडावं, आणि मेनूत केलेली निवड आणि त्यातून बनलेली कमांड ह्यांचा संबंध समोर दिसावा. हे वाचलं तेव्हा मला वाटलं हेच तर पाहिजे आपल्याला. आर कमांडरमधे तुम्ही मेनूतून टी टेस्ट निवडली की वरच्या चौकटीत तिची कमांड लिहून येते, ती बदलून परत चालवता येते. पोरगं मेनूतून सुरुवात करतं आणि हळूहळू भाषेकडे सरकतं.

मग वेगळं कशाला बनवलं? कारण आर कमांडर जिथे सुरू होतं तिथे आमची पोरं पोहोचतच नव्हती.

बघा, ट्रायलची वही कशी असते. डाव्या बाजूला ट्रीटमेंट, म्हणजे ज्यांची तुलना करायची ते खत, वाण वगैरे, टी-१ ते टी-८, वरती रेप्लिकेशन, म्हणजे तीच ट्रीटमेंट किती वेळा लावली ते, आर-१, आर-२, आर-३, मग टोटल, मग मीन. पिढ्यान्‌पिढ्या असंच. पानसे आणि सुखात्मे ह्यांचं शेतीच्या स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक वाचून शिकलेल्या गाईड लोकांच्या वह्याही अशाच आणि त्यांच्या पोरांच्या एक्सेल शीटही अशाच. आरला मात्र हे आडवं टेबल चालत नाही, तिला उभं लागतं, एका ओळीत एकच प्लॉट, ह्या कॉलममधे रेप्लिकेशन, ह्यात ट्रीटमेंट, ह्यात वजन. आठ ट्रीटमेंट तीन रेप्लिकेशन म्हणजे चोवीस ओळी. आता हे आडव्याचं उभं करणं ज्याला येतं त्याला ते मिनिटाचं काम आहे पण ज्याला येत नाही तो तिथेच थांबतो, किंवा हाताने चोवीस ओळी लिहितो आणि त्यात दोन वजनं इकडची तिकडे होतात आणि ते कोणालाच कळत नाही.

म्हणून आमची पहिली स्क्रीन म्हणजे फक्त एक रिकामं टेबल, वहीसारखंच आडवं. एक्सेलमधून कॉपी करून पेस्ट करा. शायनी वापरली, जो चेंग ह्यांचं पॅकेज, २०१२ पासूनचं, त्याने आरच्याच कोडमधून ब्राऊजरमधे चालणारं पान तयार होतं, आणि एक्सेलसारखं टेबल देणारं वेगळं पॅकेज मिळतं ते त्यात बसवलं. टोटल आणि मीनचे कॉलमही पेस्ट होऊन येतात, ते सोडून द्यायला पोरांना सांगत बसायचं नाही असं ठरवलं, ॲपच तपासतं की शेवटचा कॉलम आधीच्यांची बेरीज आहे का सरासरी आहे, असेल तर राखाडी करून खाली लिहितं, हे कॉलम हिशोबात धरलेले नाहीत. आणि शेजारी ते उभं टेबल दाखवतं, मुद्दाम. आडव्या टेबलातल्या एका खान्यावर क्लिक केलं की उभ्या टेबलातली त्याची ओळ पिवळी होते. हे एवढंसं पिवळं होणं बनवायला मला बराच वेळ लागला आणि ह्या अख्ख्या ॲपमधे मला सगळ्यात आवडतं तेही तेच, कारण ते बघून पोरं न सांगता म्हणतात, अच्छा, म्हणजे प्रत्येक प्लॉटची एक ओळ.

आता खरी गोम. ज्यांनी ट्रीटमेंटला टी-१, टी-२ असं लिहिलंय ते ह्यातून सुटतात, आर त्यांना नावं समजते. पण बरेच जण नुसतं १, २, ३ लिहितात, रेप्लिकेशनलाही १, २, ३. मग आर म्हणते हे तर आकडे आहेत, आणि अनोव्हाच्या कमांडला दिलं की ती आठ ट्रीटमेंटची तुलना करतच नाही, ट्रीटमेंट नंबर एकने वाढला तर वजन किती वाढतं अशी सरळ रेषा लावून देते. टेबल येतं, एफ येतो, पी व्हॅल्यू (०.०५ पेक्षा कमी असली की फरक खरा धरतात ती) येते, तिच्यापुढचे तारेही येतात. चुकलंय असं कुठेच लाल होत नाही. फक्त डीएफचा कॉलम बघितला तर कळतं, ट्रीटमेंटसमोर १, रेप्लिकेशनसमोर १ आणि एररसमोर २१. बरोबर काय पाहिजे तर रेप्लिकेशन २, ट्रीटमेंट ७, एरर १४, एकूण २३. चोवीस प्लॉट, दोन्ही टेबलांची बेरीज २३ च येते म्हणून नजरेतून सुटतं. असे टेबल छापील थिसिसमधे बघितलेत मी, आणि वाईट वाटतं कारण शेतातलं काम चोख होतं.

ह्यावर सोपा उपाय म्हणजे ॲपने गुपचूप सगळं नावांत बदलून टाकायचं, आरच्या भाषेत फॅक्टर करायचं. बरेच मेनूवाले तसं करतातही. मला ते पटलं नाही. कारण ट्रीटमेंट जर खताचे डोस असतील, ५० टक्के, ७५, १००, १२५, तर तिथे आकड्याला आकडा म्हणून अर्थ आहे, डोस वाढवत नेला तर उत्पन्न कुठपर्यंत वाढतं हे बघायला तो आकडाच लागतो. म्हणजे योग्य उत्तर सॉफ्टवेअरला माहीतच नाही, ते ट्रायल घेणाऱ्याला माहीत आहे. मग विचारायचं. स्क्रीनवर एवढंच येतं, तुमच्या ट्रीटमेंटमधले १ ते ८ हे फक्त ओळखीचे नंबर आहेत की मोजलेलं प्रमाण आहे? खाली दोन बटणं. आधीपासून निवडलेलं काहीच नाही, दोन्हीपैकी एक दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे काही जण म्हणाले की एक क्लिक वाढला, काय गरज. मी म्हणतो अख्ख्या ॲपमधे एवढा एकच क्लिक असला तरी चालेल, हा पाहिजेच.

आर कमांडरमधे ह्या जागी काय होतं तर डेटात एकही फॅक्टर नसेल तर अनोव्हाचा मेनू फिका पडतो, दाबताच येत नाही. विचार बरोबर आहे, चुकीचं करूच द्यायचं नाही. पण का फिका आहे ते लिहिलेलं नाही. पोरगं त्या फिक्या ओळीवर क्लिक करत बसतं, मग म्हणतं सर ह्यात अनोव्हा नाहीये, सॉफ्टवेअर खराब आहे. तेव्हापासून आमच्याकडे नियमच केला, कुठलंही बटण बंद असेल तर त्याच्या खाली एका ओळीत कारण. रेप्लिकेशनचा कॉलम निवडलेला नाही म्हणून बंद. दोन प्लॉट रिकामे आहेत, त्यांचं काय करायचं ते सांगितलं नाही म्हणून बंद.

रिकाम्या प्लॉटवरून आठवलं. रावेर-यावलकडे उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं की केळीच्या बागा आडव्या होतात, हे आपल्याकडे सांगायला नको. ट्रायलमधली झाडंही पडतात. मग वहीत तिथे कोणी रेघ मारतं, कोणी शून्य लिहितं. रेघ असेल तर आर अख्ख्या कॉलमला अक्षरं समजते, शून्य असेल तर त्या झाडाचा घड शून्य किलोचा धरते आणि सरासरी खाली येते. ॲप शून्य दिसलं की थांबतं, ह्या प्लॉटमधे खरंच शून्य मिळालं की नोंदच नाही? घडाचं वजन असेल तर उत्तर उघड आहे पण रोगाच्या टक्केवारीत शून्य हे खरंखुरं शून्य असू शकतं, म्हणून हेही विचारायचंच. आणि एकदा प्लॉट कमी झाला की डिझाईन समतोल राहत नाही, मग आरला कुठलं नाव आधी दिलं त्यावर आकडे बदलतात, कारण तिची साधी अनोव्हा क्रमाने हिशोब करते. आरबीडीमधे (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन, आपल्या ट्रायलची नेहमीची मांडणी) रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर हवी. हा क्रम आम्ही पोरावर सोडलेला नाही, तो ॲप स्वतःच लावतं आणि कमांडच्या शेजारी लिहितं की असा का लावला. आणि प्रत्येक जोडीला एकच सीडी (क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा धरायला तो किमान किती हवा तो आकडा) तेव्हा चालत नाही, ज्याचे प्लॉट कमी त्याचा एरर जास्त, म्हणून तिथे जोडीजोडीचे आकडे वेगळे येतात. गाईड लोकांना हे नवीन वाटतं, पण समजावलं की पटतं.

सीडीचं तर सांगायलाच पाहिजे. आपल्या ॲग्री थिसिसमधे टेबलाखाली दोन ओळी लागतातच, एसई एम (सरासरीचा स्टँडर्ड एरर) प्लस-मायनस आणि सीडी ॲट ५ परसेंट. आरच्या अनोव्हात ह्या दोन्ही येत नाहीत. येतं काय तर सम ऑफ स्क्वेअर, मीन स्क्वेअर, एफ आणि पी. पोरगं बघतं, सीडी नाही, म्हणजे आर आपल्या कामाची नाही, आणि परत जुन्या सॉफ्टवेअरकडे. खरं म्हणजे सगळं समोरच असतं. समजा एरर मीन स्क्वेअर १.६२ आलं आणि रेप्लिकेशन ३. १.६२ भागिले ३ म्हणजे ०.५४, त्याचं वर्गमूळ ०.७३५, ही झाली एसई एम. दुप्पट १.६२ भागिले ३ म्हणजे १.०८, वर्गमूळ १.०३९, त्याला टी टेबलातल्या एरर डीएफ १४ च्या आकड्याने म्हणजे २.१४५ ने गुणलं की २.२३, ही सीडी. म्हणजे दोन ट्रीटमेंटच्या घडात सव्वादोन किलोपेक्षा जास्त फरक असेल तरच बोला. ॲपमधे सीडीच्या आकड्यावर बोट ठेवलं की हा हिशोब ह्याच क्रमाने, त्या पोराच्या स्वतःच्या आकड्यांसकट उघडतो. व्हायवाचा तो चौदाचा प्रश्न इथेच सुटतो, आठातून एक वजा, तिनातून एक वजा, सात गुणिले दोन. आणि एफ सिग्निफिकंट नसेल तर सीडीच्या जागी एनएस (नॉन सिग्निफिकंट) येतं, आकडा येत नाही. काही जणांनी मागितलं की तरी आकडा दाखवा, नाही दाखवला. जिथे फरकच सिद्ध झाला नाही तिथे कोणता मोठा कोणता छोटा हे मोजायला पट्टी द्यायची नाही.

दुसरी एक गोष्ट सांगतो, अंशांची. करप्याची टक्केवारी असली की अनोव्हाआधी ते आकडे आर्कसाईनने बदलून घ्यायची, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन करायची, पद्धत आहे. गाईडकडे छापील टेबल असतं, ५० टक्क्याला ४५.००. पोरगं आरमधे करतं तर येतं ०.७८५. गाईड म्हणतात हे चुकलंय, पोरगं म्हणतं कॉम्प्युटरने दिलंय, आणि दोघंही बरोबर असतात, कारण आर रेडियनमधे देते आणि छापील टेबल अंशांत असतं, १८० ने गुणून पायने भागलं की ४५ च येतं. एवढ्याशा गोष्टीवरून एका डिपार्टमेंटमधे लोक आर नकोच म्हणत होते. आमच्या स्क्रीनवर ट्रान्सफॉर्मेशनची यादीच नाही. तिथे प्रश्न आहे, तुम्ही काय मोजलं? वजन किंवा लांबी, नग मोजले, की टक्केवारी. नग मोजले असतील आणि त्यात शून्यं असतील तर वर्गमूळ सुचवतं, त्यात ०.५ मिळवून, टक्केवारी असेल तर आर्कसाईन, अंशांत. सुचवतं फक्त, आणि आधी मूळ आकड्यांचा एररचा आलेख दाखवतं, की गरज आहे का ते तरी बघा.

हे ट्रान्सफॉर्मेशनचं सुरुवातीच्या आराखड्यात वेगळं होतं आणि ते का बदललं हे मला नीट सांगायचंय. शायनीची खासियत अशी की काहीही बदललं की निकाल लगेच बदलतो. डेमोला छान दिसतं, लोक वा वा म्हणतात. पण मी पोरांच्या मागे उभं राहून बघितलं, शांतपणे, काही न बोलता, तर एक पोरगी ड्रॉपडाऊनमधे एक एक ट्रान्सफॉर्मेशन निवडत होती आणि नजर फक्त पी व्हॅल्यूवर. काहीच नाही, ०.०८. वर्गमूळ, ०.०६. लॉग, ०.०४, आणि ती थांबली, समाधानाने. म्हणजे आकडा लागेपर्यंत मटका लावत राहायचा तसं झालं. तिचा काही दोष नाही, स्क्रीनच तिला तसं करायला बोलावत होती. जे लगेच बदलतं ते माणूस बदलून बघणारच. मग ते काढलं. आता सगळी उत्तरं देऊन झाली की खाली एक बटण, ॲनालिसिस करा, आणि ते दाबल्यावरच निकाल. आणि प्रत्येक वेळी दाबलं की बाजूला एक नोंद, किती वाजता, कुठल्या कॉलमवर, काय निवडून. ही नोंद रिपोर्टच्या फाईलमधे जाते आणि पुसता येत नाही. गाईडला दिसतं की चार प्रकारे करून बघितलं. चार प्रकारे बघणं गुन्हा नाही, पण ते दिसलं पाहिजे. ह्यावर आमच्यातच बराच वाद झाला, एक सहकारी म्हणाले पोरांवर पहारा कशाला, मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे.

कमांड दाखवायची का नाही ह्यावर मात्र वाद झाला नाही, ते पहिल्यापासून ठरलेलं होतं. उजवीकडे एक पट्टी, त्यात जे काही क्लिक केलं त्याचा आरचा कोड, ओळीओळीने, आणि प्रत्येक ओळीच्या वर मराठीत एक ओळ, ही ओळ काय करते. ती फाईल सेव्ह करून नुसत्या आरमधे चालवली तरी तोच निकाल आला पाहिजे, ही अट. ह्या अटीने माझं काम वाढलं, कारण ॲपच्या आत मला सोयीचा वाटेल तसा कोड लिहिता येत नव्हता, जो दाखवायचाय तोच चालवायचा, त्यामुळे तो छोटा आणि वाचता येईल असाच ठेवावा लागला. पण फायदा लगेच दिसला. एका पोराला पंधरा गुणधर्मांची अनोव्हा करायची होती, उंची, बुंध्याचा घेर, फण्या, केळांची संख्या, घडाचं वजन वगैरे. दोन-तीन गुणधर्म त्याने क्लिक करून केले, मग कोडची पट्टी बघितली, म्हणाला, "सर, ह्यात फक्त एक नावच बदलतंय ना भो, मग मी इथेच बदलतो." आणि बाकीचे त्याने आरमधे बसून केले, ॲप बंद करून. मला विचाराल तर ॲप बनवल्याचं सार्थक त्या दुपारी झालं.

मराठीचं सांगायचं तर निकालातले शब्द आम्ही तसेच ठेवले, अनोव्हा, एरर, रेप्लिकेशन, कारण थिसिस इंग्रजीत लिहायचा असतो. सूचना, प्रश्न आणि एरर मेसेज मराठीत. विंडोजवर हे पूर्वी अवघड होतं, देवनागरी अक्षराच्या जागी कोनातल्या कंसात कोडनंबर छापून यायचा, तापीकाठच्या गावाचं नाव कॉलमला दिलं की सगळा आकड्यांचा कचरा. २०२२ मधे आर ४.२.० आली तेव्हापासून नव्या विंडोज १० वर आर थेट यूटीएफ-८ ह्या सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगमधे चालते आणि हे दुखणं गेलं. आलेखात मात्र अजून काळजी घ्यावी लागते, साध्या पीडीएफमधे देवनागरी उमटतच नाही, अक्षरांच्या जागी ठिपके येतात. रॅग नावाचं पॅकेज वापरून चित्र काढलं तर जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात, म्हणून सगळे आलेख त्यातूनच. आणि आकडे. मोबाईलवर मराठी कीबोर्ड असलेली पोरं शीटमधे वजनं मराठी अंकांत भरतात आणि आरला ते आकडे वाटतच नाहीत, सगळं गायब. पेस्ट होताक्षणी अंक बदलून घ्यायचे, दोन ओळींचं काम आहे, पण ते नसतं तर यावलचा एक अख्खा डेटा आम्ही नाकारला असता.

चालवायचं कुठे हाही प्रश्न होताच. नेटवरच्या फुकट सर्व्हरला महिन्याला २५ तासांची मर्यादा, आणि थिसिस सबमिशनच्या महिन्यात सगळे एकदम येतात. शिवाय शायनीमागची आर एका वेळी एकच काम करते, एकाचा मोठा हिशोब सुरू असला की त्याच प्रोसेसवरचे बाकीचे नुसते गोल फिरणारं चक्र बघतात. आणि लाईटचं, नेटचं काय सांगू. म्हणून पेन ड्राईव्हवर आरसकट अख्खं ॲप दिलं, एका आयकॉनवर क्लिक केलं की ब्राऊजर उघडतो आणि सगळं त्याच मशीनवर चालतं, इन्स्टॉल काही नाही, नेट नाही, डेटा बाहेर जात नाही. गाईड लोकांना हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटलं. २०२३ पासून वेबआर आलंय, त्यात आर ब्राऊजरच्या आतच चालते, सर्व्हर लागतच नाही, ते मोबाईलवर करून बघितलं, पहिल्यांदा उघडताना बरंच डाऊनलोड होतं पण चालतं. पुढे तिकडे जायचा विचार आहे.

ह्यात नवीन काही शोध लावलाय असं नाही. केरळ कृषी विद्यापीठातल्या लोकांनी शायनीवरच ग्रेप्स नावाचं ॲग्रीसाठी छान काम करून ठेवलंय, हिसारचं ओपीस्टॅट तर आपल्याकडे सगळेच वापरतात. ते जरूर वापरा. आम्हाला जे वेगळं करायचं होतं ते एवढंच की निकालासोबत तो निघाला कसा हेही पोराच्या हातात पडावं.

सध्या स्प्लिट प्लॉटवर, म्हणजे मोठ्या प्लॉटच्या आत छोटे प्लॉट असलेल्या ट्रायलवर, अडलोय. तिथे एरर दोन, मेन प्लॉटचा वेगळा, सब प्लॉटचा वेगळा, आणि कोणती गोष्ट मेनमधे होती हे आकडे बघून सॉफ्टवेअरला कळत नाही, ते शेतातच ठरलेलं असतं. पाणी देण्याच्या पद्धती मोठ्या पट्ट्यात आणि खताचे डोस त्याच्या आत, असं. यादीतून मेन आणि सब निवडा असा डायलॉग करून बघितला, निम्म्या पोरांनी उलटं निवडलं आणि आर निमूटपणे उत्तर देते. आता स्क्रीनवर शेताचा नकाशा काढून घ्यायचं चाललंय, आधी रेप्लिकेशनचे पट्टे ओढायचे, मग त्याच्या आत पाण्याचे, मग त्याच्या आत खताचे, आणि नकाशावरून कमांड बनवायची. कागदावर पेन्सिलने करून बघितलं तर चोपड्याकडच्या दोन पोरांनी लगेच बरोबर काढलं, कारण त्यांनी ते पट्टे स्वतः आखलेले होते. ज्यांच्याकडे स्प्लिट प्लॉटचा जुना डेटा आणि सोबत लेआऊटचा कागद असेल, एखादा प्लॉट गेलेला असला तर अजून चांगलं, त्यांनी कळवा, मला तो ह्या नकाशावर चालवून बघायचाय.